अपरिचित विक्रेता व जुन्या नाण्यांचा व्यापार

जुनीं नाणीं, पोस्टाचीं तिकिटें, आगपेट्यांवरील चित्रें इत्यादि वस्तूंचा संग्रह करण्याचा नाद शाळेंतील विद्यार्थ्यांस फार दिवसांपासून आहे. या नादानें इतिहासाची व भूगोलाची गोडी लागते, नीटनेटकेपणाची संवय जडते आणि रिकामा वेळ बरा जातो. म्हणून वडील मंडळीहि त्यास सहसा आड येत नाहींत. पूर्वीं संग्रह वाढविण्याचे मार्ग थोडे होते. आजीच्या गांठोड्यांतील ढब्बू पैसा, सराफाच्या दुकानांतील मोडीचा डबा, परगांवच्या मामांच्या पत्रावरील तिकीट आणि मित्रामित्रांतील अदलाबदल, एवढ्यावरच काम भागे. आतां मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवितांच दिल्लीचा, कोलकात्याचा किंवा विलायतेचा विक्रेता तिवशाच्या मुलापुढें आपलें दुकान मांडतो. वस्तु दिसते, किंमत दिसते. विक्रेता तेवढा दिसत नाहीं. न दिसणाऱ्या या माणसावर विश्वास ठेवावा कीं नाहीं हें कसें ठरवावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न अगदींच नवा आहे असें मात्र समजूं नये. आपल्या देशाच्या टपालखात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धति सुरू केली, तेव्हांपासून आधीं पैसे देऊन पुडकें घ्यावयाचें व मग उघडून पाहावयाचें, हा अनुभव लोकांच्या गांठीं आहे. पुडक्यांतून काय निघतें हें कळेपर्यंत पोस्टमन पुढल्या घरीं गेलेला असे. फरक इतकाच कीं, त्या काळच्या जाहिरातदारास निदान वर्तमानपत्राचें बिल भरावें लागे व पत्ता छापावा लागे. आज दुकान उघडण्यास एक मोबाइल पुरतो, आणि बंद करण्यास तर त्याहूनहि कमी श्रम पडतात.

आमच्या वऱ्हाडांत बैलजोडी घेणारा शेतकरी बाजारांत काय करतो तें पाहावें. तो बैलाचे दांत पाहतो, त्यास चालवून पाहतो; पण तेवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं. विकणारा कोणत्या गांवचा, त्यास येथें कोण ओळखतो, बाजाराची पावती कोणाच्या नांवें होणार, याचीहि तो चौकशी करतो. कारण बैल चोरीचा निघाला किंवा तिसऱ्याच दिवशीं औतांत बसला, तर कोणाच्या दारीं जावयाचें हें त्यास आधीं ठाऊक असावें लागतें. सरकीचें बियाणें घेतांना पक्कें बिल, पिशवी व तिच्यावरील लेबल जपून ठेवा, असें शेतकीखातें सांगत असतें तेंहि याच कारणास्तव. हीच रीत नाण्याच्या खरेदीस लावावयाची. नाणें पारखण्यापूर्वीं माणूस पारखावा; आणि माणूस पारखावयाचा म्हणजे, उद्यां प्रश्न पडला तर हा सांपडेल काय व उत्तर देईल काय, एवढें पाहावयाचें.

सांपडेल काय, हें पाहणें फारसें अवघड नाहीं. इंटरनेटवरील व्यापारासंबंधीं २०२० सालीं केंद्रसरकारनें ग्राहकसंरक्षणाचे जे नियम केले, त्यांप्रमाणें विक्रेत्यानें आपलें नांव, पत्ता व तक्रार कोठें करावी ही माहिती देणें अवश्य आहे. केवळ मोबाइलचा क्रमांक व गोड शब्द एवढेंच ज्याच्या पानावर असेल, त्यानें तो नियम पाळलेला नाहीं हें उघड आहे. जी. एस. टी. चा क्रमांक दिला असल्यास तो सरकारी संकेतस्थळावर घालून पाहावा; दुकानाचें नांव तेंच निघतें कीं नाहीं तें क्षणांत कळतें. लहान विक्रेत्याजवळ असा क्रमांक नसणें हा गुन्हा नव्हे. पण दुसऱ्याचा क्रमांक लावून बसणें ही लबाडी होय. गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचावे, परंतु मोजूं नयेत. एकाच आठवड्यांत एकाच धाटणीच्या भाषेंत लिहिलेली स्तुति पाहिली कीं, ती कोणी लिहविली असेल याची कल्पना येते. आम्हांस तर पन्नास स्तुतिपाठांपेक्षां एखाद्या तक्रारीस विक्रेत्यानें दिलेलें सभ्य उत्तर अधिक मोलाचें वाटतें.

उत्तर देईल काय, हें पाहण्यासाठीं प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न असा कीं, वस्तु खरोखर तुमच्या हातीं आहे काय? पुष्कळदां चित्र दुसऱ्याच्या संग्रहांतून किंवा एखाद्या लिलावाच्या पुस्तकांतून उचललेलें असतें. तेंच चित्र गूगलवर शोधून पाहिलें असतां मूळ मालक कित्येकदां हाती लागतो. याहून सोपा उपाय म्हणजे, आजच्या वर्तमानपत्रावर नाणें ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंचें व कडेचें छायाचित्र पाठवावें, अशी विनंति करणें. प्रामाणिक विक्रेत्यास याचा राग येत नाहीं. तो क्वचित् कुरकुरतो, पण पाठवितो. लबाड मनुष्य मात्र, “दुसरा गिऱ्हाईक उभा आहे, आजच्या आज पैसे टाका,” अशी घाई करूं लागतो.

दुसरा प्रश्न वस्तूविषयींचा; आणि येथें विद्यार्थ्याचा अभ्यास कामीं येतो. एका बाजूस रामदरबार किंवा मारुति व दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचें नांव, ‘वन आना’ हे शब्द आणि १८१८ हें साल, अशीं नाणीं देवघरांत ठेवण्यास उत्तम व फार दुर्मिळ म्हणून सर्रास विकलीं जातात. आतां इतिहास काय सांगतो तें पाहा. कंपनीनें आपल्या मुलुखाकरितां एकसारखीं नाणीं पाडण्यास १८३५ सालीं आरंभ केला. तांब्याच्या नाण्यांत अर्धा आणा व पाव आणा होता, पण एक आण्याचें नाणें नव्हतें. एक आण्याचें कंगोरेदार नाणें सरकारनें प्रथम काढलें तें १९०७ सालीं, आणि तेव्हां कंपनीचें राज्य जाऊन जवळजवळ ५० वर्षें लोटलीं होतीं. देवदेवतांचीं चित्रें असलेलीं हीं १८१८ चीं नाणीं कोणत्याहि सरकारनें पाडलेलीं नव्हेत. तीं मागाहून केलेलीं बिल्लीं होत. देवघरांत त्यांची पूजा कोणी करीत असल्यास त्या भक्तीविषयीं आमचें कांहींच म्हणणें नाहीं. परंतु जुनें नाणें म्हणून त्यांस मोल नाहीं. अशीं बिल्लीं दुर्मिळ नाणीं म्हणून विकणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड आहे, आणि दोन्ही प्रकारच्या माणसांकडून इतर नाणीं घेण्यांतहि अर्थ नाहीं.

चांदीच्या रुपयाची परीक्षा याहूनहि सोपी आहे. १८३५ च्या कंपनीच्या रुपयाचें वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, असें ठरलेलें होतें व व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाचेंहि तेंच आहे. झिजलेला रुपया थोडा हलका भरेल. पण नऊ किंवा दहा ग्रॅम भरला तर शंका घ्यावी. चांदी लोहचुंबकास चिकटत नाहीं. सांच्यांत ओतलेल्या खोट्या रुपयाच्या कडेवर बहुधा सांध्याची रेघ दिसते व पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात. म्हणून विक्रेत्यास वजन विचारावें आणि तें कांट्यावर ठेवून दाखविण्यास सांगावें. जो “अस्सल आहे, गॅरंटी आहे” एवढेंच पुनःपुन्हां म्हणतो व वजनाचा आंकडा सांगत नाहीं, त्यानें आपलें उत्तर दिलेंच असें समजण्यास हरकत नाहीं.

तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ही वस्तु तुमच्याकडे कोठून आली? मोठ्या मोलाच्या वस्तूंची वंशावळ ठाऊक असते. १५ ऑगस्ट १९४८ रोजीं महात्मा गांधींच्या स्मरणार्थ चार तिकिटें निघालीं. त्यांतील दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापून कांहीं थोडीं सरकारी कामाकरितां राखलीं होतीं. तसल्या चार तिकिटांची एक पट्टी २०१७ सालीं इंग्लंडांत पांच लाख पौंडांस विकली गेली. इतकी किंमत आली ती कागदाच्या तुकड्यांस नव्हे. अशीं तिकिटें किती छापलीं व त्यांतलीं किती लोकांच्या हातीं आहेत याचा माग संग्राहकांनीं ठेविलेला आहे, म्हणून ती आली. “आमच्या पणजोबांच्या पेटींत सांपडलें” ही गोष्ट खरीहि असेल. परंतु तीच गोष्ट तोच विक्रेता दर महिन्यास नव्या नाण्याबरोबर सांगूं लागला, तर पणजोबांची पेटी फार मोठी होती असें म्हणावें लागेल.

या प्रश्नाचें महत्त्व आपल्या वऱ्हाडास विशेष आहे. १९३९ सालीं मंगरूळ तालुक्यांतील तऱ्हाळा या गांवीं, जें तेव्हां अकोला जिल्ह्यांत होतें व आतां वाशिम जिल्ह्यांत आहे, सातवाहन राजांच्या मिश्र धातूच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. सुमारें दीड हजार नाणीं होतीं. नागपूरचे विद्वान् प्राध्यापक वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तीं वाचून प्रसिद्ध केलीं, आणि पुराणांच्या यादींत नसलेलीं कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि यांसारखीं राजांचीं नांवें त्यांतून उजेडांत आलीं. सगळा सांठा एका जागीं राहिला व कोठें सांपडला हें ठाऊक होतें, म्हणूनच हा शोध लागला. तीच नाणीं एकेक करून शंभर अनोळखी हातांत गेलीं असतीं, तर प्रत्येक नाणें खरें असूनहि त्यांतून इतिहास निघाला नसता.

आपल्या तालुक्यांतील कौंडण्यपूर हें वर्धेच्या तीरावरील प्राचीन स्थान आहे; तेथें डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं उत्खनन केलें व सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष निघाले. त्यामुळें “कौंडण्यपूरच्या टेकाडांतून निघालेलें नाणें” असें सांगून कोणी कांहीं विकूं लागला, तर मुलांस तें खरें वाटण्याचा संभव मोठा. तें खोटें असलें तर पैसे गेले. खरें असलें तर प्रकरण अधिकच वाईट! जमिनींत सांपडलेला दहा रुपयांवरील किंमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळविला पाहिजे, असें १८७८ चा कायदा सांगतो. आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं व त्या परदेशीं पाठवितां येत नाहींत, असा १९७२ चा कायदा आहे. म्हणून जुनें नाणें विकणाऱ्यास परवान्याविषयीं विचारणें यांत उद्धटपणा मुळींच नाहीं.

येथवर आपण विकणाऱ्याविषयीं बोललों. परंतु घरोघरीं अधिक नुकसान करणारा मनुष्य वेगळाच आहे, आणि तो विकत देत नाहीं, विकत घेतों म्हणतो. ट्रॅक्टरचें चित्र असलेली पांच रुपयांची नोट, ७८६ हे आंकडे असलेली नोट, २०१२ सालचें वैष्णोदेवीचें पांच किंवा दहा रुपयांचें नाणें, यांस लाखों रुपये देतों अशी जाहिरात तो करतो. मूल किंवा आजोबा डबा उपसून तसलें नाणें काढतात व फोन करतात. सौदा ताबडतोब ठरतो. मग नोंदणीची फी, मग कर, मग विमा, अशा निमित्तानें थोडथोडे पैसे मागितले जातात. पत्रावर रिझर्व्ह बँकेचें नांव व चिन्हहि असतें. ४ ऑगस्ट १९२१ नव्हे, २०२१ रोजींची ही गोष्ट आहे, जुन्या काळची नव्हे, कीं रिझर्व्ह बँकेस याविषयीं जाहीर सूचना काढावी लागली. आपण अशा व्यवहारांत पडत नाहीं, त्यासाठीं कोणाकडून फी किंवा कमिशन घेत नाहीं, व तसा अधिकार कोणासहि दिलेला नाहीं, असें बँकेनें त्यांत स्पष्ट सांगितलें. वैष्णोदेवीचें नाणें चलनांत खेळण्यासाठींच काढलेलें आहे. त्यास लाख रुपये देण्याचें कोणास कारण काय? ज्यास आपल्याला पैसे द्यावयाचे आहेत तो आपल्याकडूनच आधीं पैसे कां मागतो, हा एक प्रश्न मुलांनीं आजोबांस विचारावा, किंवा आजोबांनीं मुलांस. यू. पी. आय. नें पैसे येण्यासाठीं गुप्त पिन घालावा लागत नाहीं, क्यूआर चित्रहि टिपावें लागत नाहीं. पिन घातला कीं पैसे जातात, येत नाहींत.

आतां खरेदी करावयाचीच असें ठरलें, तर पहिली मागणी लहान असावी. जिचें नुकसान सोसतां येईल एवढीच. वस्तु पसंत न पडल्यास किती दिवसांत परत घेणार, हें आधीं लेखी विचारून घ्यावें. पैसे पाठवितांना पडद्यावर येणारें नांव व दुकानाचें नांव जुळतें कीं नाहीं तें वडिलांनीं स्वतः पाहावें. पुडकें उघडतांना त्याचें चित्रीकरण करावें. नव्या तिकिटांसाठीं तर मोठ्या टपाल कचेऱ्यांतील फिलॅटेलिक ब्यूरो आहेत. स्मारक नाणीं मुंबईची सरकारी टांकसाळ स्वतः विकते. जुन्या नाण्याविषयीं शंका असल्यास नागपुरांत इंडियन कॉइन सोसायटी आहे, आणि जाणत्या संग्राहकास नाणें दाखवून त्याचें मत घेण्यास कांहीं कमीपणा नाहीं.

इतकें करूनहि फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. रक्कम पुढें सरकण्यापूर्वीं कळविल्यास ती खात्यांतच अडविण्याचा संभव असतो. म्हणून मुलानें भीतीनें गोष्ट दडवूं नये, आणि पालकांनीं रागावण्याचें काम दुसऱ्या दिवसावर ठेवावें. माल खराब निघाला, पण विक्रेता ठावठिकाणा असलेला आहे, अशा वेळीं ग्राहकांसाठींचा १९१५ हा क्रमांक आहे. दोन्ही ठिकाणीं व्यवहाराचा क्रमांक, तारीख, विक्रेत्याशीं झालेलें संभाषण व जाहिरातीचें चित्र मागतात. तेव्हां हे कागद वहींत चिकटवून नाण्यांशेजारींच ठेवावे.