एका पैचा हिशेब

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्त जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर कारभार पाहत. हिशेबाचे काम शिष्य एकनाथांकडे असे. कथा अशी की, एकदा एका पैची चूक सापडेना. नाथ रात्रभर बसले आणि चूक सापडताच टाळी वाजवून आनंदले. स्वामींनी सांगितले, असेच चित्त भगवंताकडे लाव.

मी बँकेत कारकून. कॅश टॅली झाल्याशिवाय आम्हीही उठत नसू, म्हणून ही कथा मला फार आपली वाटे. पण एकदा अंगठा द्यायला आलेल्या एका आजींना मी सर्वांदेखत नको ते बोललो. त्या काही न बोलता नमस्कार करून गेल्या. त्या दिवशी कॅश बरोबर जुळली, पण रात्री जेवण काही गेलं नाही.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत मधमाशी, अजगर आहेत, पिंगला वेश्याही आहे. नाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या भागवतात हे मराठीत आणले. ज्ञान देणाऱ्याची पायरी पाहायची नसते, घेणाऱ्याने वाकायचे असते. मी बी.कॉम., आजी निरक्षर. पण नम्रता शिकवली ती त्यांनीच.

जांभूळकर मंडळी, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्म झाल्यावर घरी एवढाच हिशेब मांडू या: आज कोणाला दुखावले? कोणाकडून शिकलो?