ग्लिसरीनचा कॅन आणि कार्बनची कुळे

काही वर्षांपूर्वी आमच्या औषधशाळेत अडुळशाच्या पाकासाठी ग्लिसरीन मागविले होते. विक्रेत्याने दिलेला दर बाजारभावापेक्षा बराच कमी होता. द्रव स्वच्छ, दाट आणि गोड होता. सोबत विश्लेषणाचे प्रमाणपत्रही होते. मात्र त्यावरील बॅच क्रमांक कॅनवरील क्रमांकाशी जुळत नव्हता. आम्ही माल परत केला. तेव्हा आमचे एक तरुण सहकारी वैद्य म्हणाले, "चव मधुर आहे, स्पर्श स्निग्ध आहे, मग हरकत कोणती?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर कार्बनी रसायनशास्त्राच्या अगदी प्राथमिक धड्यांत आहे. ते धडे आपल्यापैकी पुष्कळांनी बारावीनंतर मिटून ठेवलेले असल्यामुळे आज पुन्हा उघडीत आहोत.

कार्बनच्या अणूस चार बंध जोडता येतात आणि तो स्वतःशीच जोडला जाऊन लांब साखळ्या करतो. या साखळीवर केवळ हायड्रोजन असेल, तर त्या संयुगास हायड्रोकार्बन म्हणतात. एका कार्बनचा मिथेन वायुरूप असतो. साखळी लांबत गेली की पेट्रोलातील द्रव, त्यापुढे द्रव पॅराफिन, मग मेण आणि हजारो कार्बनांची साखळी झाली की पॉलिथिन, असे हे एकच कूळ आहे. पाण्याशी त्याचे जमत नाही आणि आपल्या पाचक रसांनाही ते दाद देत नाही. द्रव पॅराफिन पोटात घेतले तर बहुतांशी जसेच्या तसे बाहेर पडते. रेचक म्हणून त्याचा उपयोग होतो तो याच कारणाने.

तिळतेल दिसावयास पॅराफिनसारखे असले तरी त्याचे कूळ वेगळे. त्यात ग्लिसरीनच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. म्हणूनच अल्कोहोलमध्ये विरघळविलेल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर उकळल्यास त्याचा साबण होतो आणि गरम ऊर्ध्वपातित पाणी घातल्यावर द्रव स्वच्छ राहतो. तेलात खनिज तेलाची भेसळ असेल, तर तो भाग साबण न होता राहतो आणि द्रव गढुळतो. सिद्ध तेलांसाठी घाऊक तेल विकत घेणाऱ्यांनी ही परीक्षा अवश्य करावी. तिला खर्च फारसा नाही.

बहुवारिकांविषयी येथे थोडक्यातच सांगतो. लहान रेणूंची एकमेकांस जोडून झालेली माळ म्हणजे बहुवारिक. स्टार्च ही ग्लुकोजची माळ, पॉलिथिन ही इथिलीनची. आपल्या कामापुरता नियम असा की सजातीय सजातीयास विरघळविते. टर्पेंटाइन तेल हायड्रोकार्बन असल्यामुळे ते पॉलिस्टायरीनची डबी मऊ करून टाकते आणि रबरी बुचे फुगविते. अशी द्रव्ये काचेतच ठेवावीत.

आता अल्कोहोल. हायड्रोकार्बनमधील एका हायड्रोजनच्या जागी ऑक्सिजन व हायड्रोजनची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, बसला की स्वभावच पालटतो. लहान साखळीचे संयुग पाण्यात सहज मिसळू लागते. आसव-अरिष्टांच्या संधानात यीस्ट शर्करेपासून असेच अल्कोहोल तयार करते. ग्लुकोजच्या १८० ग्रॅमपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा हिशेब बसतो. भांड्याच्या तोंडाशी नेलेली काडी विझते ती या वायूमुळे, आणि संधान पूर्ण झाल्यावर जळत राहते तीही त्याच्या अभावामुळे. जुन्या वैद्यांची ही परीक्षा आजही निर्दोष आहे.

संधान संपल्यावर भांडे उघडे राहिले, तर हवेतील ऑक्सिजन आणि जिवाणू मिळून इथेनॉलचे असेटिक आम्ल करतात. अरिष्टाचे शुक्त होते. म्हणजे अल्कोहोल ही मधली पायरी आणि आम्ल ही पुढची. आमच्या मते, या लेखातील एवढी एकच गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात ठेवली तरी पुरे. कारण शरीरातही पुष्कळ अल्कोहोलांचे असेच आम्ल बनते आणि ते आम्ल कोणते, यावर रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते.

इथेनॉलपासून यकृतात असेटिक आम्ल होते. शरीर ते इंधन म्हणून वापरते. एक कार्बन कमी असलेल्या मिथेनॉलपासून फॉर्मिक आम्ल होते आणि ते दृष्टिनाडीचा घात करते. एका रेणूत दोन हायड्रॉक्सिल गट असलेल्या इथिलीन ग्लायकॉलपासून ऑक्झॅलिक आम्ल बनते. त्याचे कॅल्शियमशी संयोग होऊन झालेले स्फटिक वृक्कात साचतात. असे दोन ग्लायकॉल एकमेकांस जोडले की डायइथिलीन ग्लायकॉल होते. त्याच्यापासून होणारे डायग्लायकॉलिक आम्ल वृक्काच्या पेशींत साठून त्या मारते, आणि रुग्णाची लघवी बंद होते. ग्लिसरीनमध्ये मात्र तीन हायड्रॉक्सिल गट असून ते आपल्या मेदधातूचाच घटक आहे. शरीर त्याची शर्करेप्रमाणे व्यवस्था लावते.

खेदाची गोष्ट ही की डायइथिलीन ग्लायकॉलही रंगहीन, दाट आणि मधुर आहे. रसावरून द्रव्याची परीक्षा करण्याची आपली परंपरा थोर आहे, परंतु येथे जीभ साक्ष देऊ शकत नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलअमाइडचे पेय या द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले; न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची चौकशी त्यातूनच झाली. २०२२ साली गांबियात साठांहून अधिक आणि २०२५ साली मध्य प्रदेशात, मुख्यतः छिंदवाडा जिल्ह्यात, वीसहून अधिक बालके अशाच दूषित पेयांनी गेली. ही औषधे आयुर्वेदीय नव्हती, असे म्हणून आपण हात झटकू शकत नाही. ग्लिसरीन, सॉर्बिटॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल ही द्रव्ये आज आपल्याही पाकांत आणि पेयांत शिरली आहेत.

मग परीक्षा कशी करावी? घनतामापकावर भिस्त ठेवू नये. शुद्ध ग्लिसरीनची घनता सुमारे १.२६ आणि डायइथिलीन ग्लायकॉलची सुमारे १.१२ आहे. दहा टक्के भेसळीने घनता १.२४५ च्या आसपास येते. ग्लिसरीनने हवेतील थोडे पाणी शोषले तरी साधारण तेवढीच येते. आपण "ओलसर झाले असेल" असे म्हणून माल वापरून टाकू. मान्य मर्यादा ०.१ टक्का इतकी सूक्ष्म असल्यामुळे गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी, किंवा प्राथमिक चाळणीसाठी पातळ थराची क्रोमॅटोग्राफी. लहान औषधशाळांना स्वतःचे यंत्र परवडत नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे नमुना पाठवून अहवाल येईपर्यंत माल कुलपात ठेवणे मात्र परवडते. नमुना प्रत्येक कॅनमधून घ्यावा. एकाच खेपेतील चार कॅन एकाच पिंपातून भरलेले असतील, अशी खात्री विक्रेत्यालाही नसते.