फौजी घरातल्या बायकांचे दात आणि ईसीएचएसचं कार्ड



या महिन्याच्या बैठकीत वाचायला हा धडा देत आहे. आपल्या गटांमध्ये फौजी घरं किती आहेत ते मी सांगायला नको. कुणाचा नवरा रिटायर होऊन आला, कुणाचे सासरे, कुणाचा भाऊ. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव तर फौजेच्याच नावानं ओळखलं जातं. पण बैठकीत दातांचा विषय निघाला की सगळ्या पदर तोंडाला लावतात. "आता वय झालं, दात जायचेच," असं म्हणून विषय संपतो.

आधी माझ्या घरची गोष्ट सांगते. मी लालबागच्या चाळीत वाढले. आजोबा फौजेतून पेन्शनवर आले आणि नंतर परळच्या एका गिरणीत वॉचमन होते. ते गेल्यावर आजीला कुटुंब निवृत्तीवेतन सुरू झालं, पण दवाखान्याचं कार्ड तिनं ट्रंकेत ठेवून दिलं. म्हणायची, "ते ह्यांचं होतं, ह्यांच्याबरोबर गेलं." सहा वर्षं तिनं भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. गणपतीत घर भरलेलं असायचं आणि ती हसताना तोंडावर हात धरायची. समाजकार्याचं शिक्षण घेताना मला कळलं की तिचा हक्क संपलेलाच नव्हता. आम्हा घरातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून हे लिहिते.

ईसीएचएस म्हणजे काय?

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. सभासद होताना एकदाच वर्गणी भरायची, पुढे आयुष्यभर उपचार मिळतात. १ एप्रिल २००३ नंतर जे पेन्शनवर आले त्यांची वर्गणी निवृत्तीच्या वेळीच कापली जाते. त्याआधी निवृत्त झालेल्यांना स्वतः अर्ज करून सभासद होता येतं. १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींना ही वर्गणी माफ आहे.

उपचाराची पहिली जागा म्हणजे ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक. साताऱ्यात आहे, कोल्हापुरात आहे, मुंबईतही आहेत. तिथं दातांचे डॉक्टर असतात.

कुणाला हक्क आहे?

मुख्य अट पेन्शनची आहे. जवानाला साधारणपणे १५ वर्षं नोकरी झाल्यावर पेन्शन लागते. अपंगत्व पेन्शनवाल्यांनाही ही योजना लागू आहे. त्यांच्यासोबत घरातले हे लोक येतात:

• पत्नी.
• कुटुंब निवृत्तीवेतन घेणारी विधवा. तिचा हक्क तिच्या स्वतःच्या नावावर असतो.
• मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत. त्याआधी कमावता झाला किंवा लग्न झालं तर तेव्हाच थांबतं.
• मुलगी कमावती होईपर्यंत किंवा तिचं लग्न होईपर्यंत. विधवा किंवा घटस्फोटित होऊन आईबापांवर अवलंबून असेल तर तीसुद्धा.
• सैनिकाचे आईवडील, त्यांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल आणि ते त्याच्यावर अवलंबून असतील तर.

सून यात येत नाही. पेन्शन न लागता मधेच नोकरी सोडलेल्या जवानाच्या घरानं हक्क धरून चालू नये, आधी चौकशी करावी. २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांची चार वर्षांची सेवा पेन्शनविना आहे, त्यामुळे चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना ही योजना मिळत नाही. घरात मुलगा भरतीची तयारी करत असेल तर हे आधीच माहीत असू द्या.

नवरा गेल्यावर काय करायचं?

जुनं कार्ड ट्रंकेत ठेवू नका. आपल्या नावानं नवीन कार्डासाठी अर्ज करायचा असतो. मृत्यूचा दाखला, कुटुंब पेन्शनची पीपीओ, आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो आणि जुनं कार्ड, एवढं एका पिशवीत तयार ठेवा. अर्ज ऑनलाइन असतो. जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथल्या मदतीला पैसे लागत नाहीत, म्हणून मधल्या माणसाला पैसे देऊ नका.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. फौजेच्या कागदात नावापुढे "बाई" आहे, आधारवर नाही. एका जागी माहेरचं नाव, दुसऱ्या जागी सासरचं. जन्मतारीख तीन कागदांवर तीन. माझ्या आजीचे आठ महिने याच्यात गेले. ही दुरुस्ती त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधून होते, मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला आहे. नवरा हयात असताना हे काम सोपं जातं. म्हणून आजच घरी जाऊन पीपीओ आणि डिस्चार्ज बुक काढा आणि त्यात आपलं नाव कसं लिहिलंय ते आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. पेन्शन चालू राहावी म्हणून नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायलाही विसरू नका.

दात बसवायचे तर काय काय पर्याय आहेत?

पूर्ण कवळी: वरचे किंवा खालचे सगळे दात गेले असतील तर. काढता-घालता येते. वरची कवळी टाळ्याला हवेच्या दाबानं चिकटून राहते. खालची थोडी हलते, कारण मधे जीभ असते. हे सगळ्यांचंच होतं, घाबरू नका.

अर्धी कवळी: काही दात शिल्लक असतील तर. उरलेल्या दातांना आकड्यानं धरून बसते.

ब्रिज: एक-दोन दात गेले असतील आणि दोन्ही बाजूचे दात मजबूत असतील तर. बाजूचे दात घासून त्यावर टोप्या बसवतात आणि मधला दात त्यांना जोडलेला असतो. हा काढावा लागत नाही.

इम्प्लांट: जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसाला असा दात बसवला. स्क्रू हाडात पक्का व्हायला काही महिने लागतात. खर्च मोठा असतो. शुगर ताब्यात नसेल किंवा तंबाखू-मशेरी चालू असेल तर तो टिकण्याची खात्री कमी होते.

कार्डावर यातलं काय मिळेल हे पॉलिक्लिनिकचे दंत डॉक्टर तपासून सांगतात. तिथं होणारं काम तिथंच करतात, बाकीच्यासाठी यादीवरच्या दवाखान्याची रेफरल चिठ्ठी देतात. हा नियम पाठ करा: आधी चिठ्ठी, मग खुर्ची. स्वतःहून खाजगी दवाखान्यात दात बसवून बिल आणलं तर ते परत मिळेल असं धरू नका. इम्प्लांटबद्दल तर काम सुरू व्हायच्या आधी लेखी मंजुरीचंच विचारा. मुलाकडे लालबागला किंवा दादरला मुक्काम लांबणार असेल तर आपल्या पॉलिक्लिनिकला आधी कळवा आणि मुंबईत कुठं दाखवायचं ते विचारून घ्या.

कार्ड नसेल तर?

मुंबईत दोन मोठी दंत रुग्णालयं आहेत. मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत महाविद्यालय, १९३३ पासूनचं. गिरगावातून ते जवळ आहे, दादरहून स्लो लोकलनं मुंबई सेंट्रलला उतरायचं. दुसरं शासकीय दंत महाविद्यालय, सीएसएमटी स्टेशनलगत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात. लालबागहून करी रोड किंवा चिंचपोकळीला गाडी धरली की सरळ सीएसएमटी. शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

कवळीसाठी चार-पाच फेऱ्या धराच: माप, चावा, मेणावरची ट्रायल, कवळी हातात, नंतर टोचेल तिथं घासून देणं. दात काढायचे असतील तर हिरड्या भरायला काही आठवडे जातात. म्हणून गावाहून एका दिवसाच्या बेतानं येऊ नका. डॉक्टरांना शुगर, बीपी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबद्दल आधी सांगा. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

कवळी आल्यावर

पहिले काही दिवस मऊ भात, खिचडी. घास लहान, दोन्ही बाजूंनी चावायचा. भाकरीला घाई नको. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा, हिरड्यांना आराम लागतो. गरम पाण्यात टाकू नका, वाकडी होते. धुताना खाली पाण्याची बादली किंवा टॉवेल ठेवा, हातातून निसटली तर फुटत नाही. साबण आणि मऊ ब्रश पुरे, मशेरी किंवा राखुंडी लावू नका. काही वर्षांनी जबड्याचं हाड झिजतं आणि कवळी ढिली होते. तेव्हा ती आतून भरून घेता येते.

आणि एक गोष्ट, कार्ड असो वा नसो. तोंडात जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर कवळीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. मशेरी लावणाऱ्या बायांनी तर नक्कीच. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून कॅन्सरचे उपचार करतंय, आणि तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होऊ शकतो.

बैठकीत करायचं काम

१. आपल्या गटात पेन्शनवाली फौजी घरं किती? त्यात विधवा किती?
२. त्यातल्या किती जणींकडे स्वतःच्या नावाचं कार्ड आहे?
३. पीपीओ आणि आधारवरचं नाव किती जणींचं जुळतं?

ही यादी सचिव ताईंनी पुढच्या महिन्यात माझ्याकडे द्यावी. ज्यांचं नाव जुळत नाही अशा तीन-चार जणी मिळून सैनिक कल्याण कार्यालयात जाऊ, मी सोबत येईन.

आजीची कवळी आली तेव्हा पहिला आठवडा तिनं मला खूप शिव्या घातल्या. टोचत होती. दोनदा घासून आणल्यावर बसली. त्या वर्षी गणपतीत तिनं तळलेला मोदक मागून घेतला, आणि हात खालीच ठेवून हसली.

तुमची,
क्षेत्र समन्वयक