आधी एकच ज्ञानेश्वरी

बाय, पहिल्या पगारातून ज्ञानेश्वरीची पुस्तकं घ्यायचीत, यादी द्या म्हणालीस. देतो. पण सगळी एकदम घेऊ नकोस. पहिल्या वर्षी एकच घे आणि ती पहिल्या पानापासून पसायदानापर्यंत वाच. आपल्या कर्जत-खालापुरात मी कितीतरी घरं पाहिली, कपाटात पाच-पाच सार्थ ज्ञानेश्वऱ्या आहेत आणि पाचही पहिल्या अध्यायापाशी मळलेल्या, पुढे कोऱ्या.

मीही चुकलोय. माझी पहिली प्रत साजगावच्या जत्रेतली. कार्तिकीला बोंबल्या विठोबाच्या दर्शनाला गेलो होतो. तुकोबा घाट उतरून मिरच्या विकायला तिथे यायचे असं आपल्याकडे सांगतात, त्या भारावलेपणात एका पालावरून स्वस्तातली पोथी उचलली. कुणी संपादली, कुठल्या संहितेवरून छापली, काहीच लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षं तीच वाचली. मग एकदा सप्ताहात ओवी म्हटली आणि शेजारच्या बुवांनी हळूच सांगितलं की अर्धा चरणच गळालाय. तेव्हापासून पुस्तक हातात आलं की मी आधी प्रस्तावना उघडतो. संहिता कुठली धरली ते जो सांगत नाही, त्याचं पुस्तक ठेवून द्यायचं.

हे इतकं महत्त्वाचं का, तर ग्रंथ सांगितला गेला 1290 मध्ये, नेवाशाला. पुढे हातानं नकलत नकलत पाठ बिघडले, म्हणून एकनाथमहाराजांनी 1584 मध्ये तो शुद्ध केला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी पाटांगणच्या एका जुन्या पोथीवरून वेगळीच प्रत 1909 मध्ये छापली, आणि 1960 ची सरकारी प्रत तिच्यावर आधारलेली. त्यात शब्दांची रूपं जुनी आहेत. ती भाषेच्या अभ्यासाला उत्तम, पण पारायणाला बसशील तर लोक एक म्हणतील आणि तुझ्या हातात दुसरंच असेल.

म्हणून सुरुवात सोनोपंत दांडेकरांच्या सार्थ ज्ञानेश्वरीनं कर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजचे प्राचार्य, तत्त्वज्ञान शिकवणारे, आणि विष्णुबुवा जोगमहाराजांचे शिष्य. माळ आणि पुस्तक दोन्ही सांभाळलेला माणूस. अर्थ सरळ देतात, ओवीच्या आड उभे राहत नाहीत. दुसरी प्रत साखरेमहाराजांची, पण वर्षभरानं. तिच्यात वेदांताची परिभाषा भरपूर. आधी घेतलीस तर दमशील, नंतर घेतलीस तर दांडेकरांनी जिथे एका वाक्यात भागवलं तिथे किती खोल पाणी आहे ते कळेल. दोघांचा अर्थ जिथे जुळत नाही तिथे पेन्सिलीनं खूण कर. अशा खुणांतूनच माझा अभ्यास झाला. दोघांत बरोबर कोण हे लगेच ठरवायला जाऊ नको. आधी मूळ ओवी पाचदा मोठ्यानं म्हण.

दुकानात परीक्षा कशी घ्यायची? सोपी ओवी उघडू नको, तिथे सगळेच हुशार. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे, तेराव्यात अहिंसेचं लांबलचक निरूपण आहे, ती पानं काढ. नुसती ओवी आजच्या मराठीत फिरवून लिहिली असेल तर ते पुस्तक तुला पुढे नेणार नाही. दृष्टांत कशासाठी आला, गीतेच्या श्लोकातल्या कुठल्या शब्दासाठी आला, हे सांगणारा धर.

शब्दांकडे फार जप. भांगार हा शब्द भेटेल. मी पोरवयात तो भंगार असा वाचला आणि अर्थ उलटाच लावून बसलो. भांगार म्हणजे सोनं. कोकणीत आजही सोन्याला तेच म्हणतात. अशा वेळी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडायचा. त्यात ज्ञानेश्वरीतली उदाहरणं ओवीच्या आकड्यासकट दिलेली आहेत. विकत घेणं जड जाईल, तेव्हा वाचनालयात बसून बघ.

पुस्तक कुणासाठी लिहिलं हेही विचार. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. विद्वत्ता सगळी मागे ठेवली. आपल्याकडे विनोबांची गीताप्रवचनं तशीच. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात सांगितली, साने गुरुजींनी उतरवून घेतली. आजीलाही वाचून दाखवता येतील. टिळकांचं गीतारहस्य मात्र वाद मांडणारं आहे. गीतेचा रोख कर्मयोगावर आहे हे त्यांना सिद्ध करायचंय, ते ध्यानात ठेवून वाच.

तुकोबांची गाथा तिसऱ्या वर्षी, अर्थासाठी विष्णुबुवा जोगांची. शंकर पांडुरंग पंडितांची 1869 ची गाथा पुढे सरकारनं पुन्हा छापली, तीही मिळाली तर घे. अभंगांचे आकडे प्रतीप्रतीत बदलतात, म्हणून वहीत नुसता आकडा टिपू नको, अभंगाचा पहिला चरण लिही. ज्ञानेश्वरांच्याच अमृतानुभवाची घाई नको.

आणि आपला पाऊस विसरू नको. उल्हासच्या काठी चार महिने भिंती ओल्या. चिकटवलेली पुस्तकं दोन पावसाळ्यांत पानं सोडतात, जुजबंदी केलेली, म्हणजे दोऱ्यानं शिवलेलीच बघून घे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, खालच्या कप्प्यात पुस्तक नको, तिथूनच वाळवी चढते. कापडात वेखंडाचे तुकडे बांधून ठेव. दसऱ्यानंतर एक दिवस सगळी सावलीत उघडी करून वाऱ्याला लाव, कडक उन्हात नको, कागद ठिसूळ होतो.

कार्तिक वद्यात आपली दिंडी घाट चढून आळंदीला जाईल. तोवर काही घेऊ नको. तिथे देवळाजवळच्या दुकानांत दोन्ही प्रती शेजारी ठेवून तेराव्या अध्यायातली एकच ओवी वाचू. येताना वहीत तीन अडलेल्या ओव्या लिहून आण.