आयेचे वेतन आणि घटकराज्याचा कर

अमेरिकेत एखादे कुटुंब मूल सांभाळण्यासाठी घरी आया ठेवते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्या घरात मालक व कामगार हे नाते निर्माण होते. कामाच्या वेळा कोणत्या, मुलाला काय भरवावयाचे, कोठे न्यावयाचे, हे सारे कुटुंब ठरवीत असल्यामुळे ती स्वतंत्र व्यावसायिक ठरत नाही. करारात तसे लिहून घेतले असले तरीही नाही. पुष्कळ आईबापांना आपल्या या मालकपणाची जाणीवच नसते. आठवड्याचे पैसे हातावर ठेवले की व्यवहार संपला, असे त्यांना वाटते.

या समजुतीला इतिहासाचेही पाठबळ होते. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने घरकामगारांना व शेतमजुरांना विम्याबाहेर ठेवले होते. त्यांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता. वृद्धापकाळाच्या विम्यात नियमित घरकामगारांचा समावेश १९५० च्या दुरुस्तीने झाला. बेकारी विम्यासाठी मात्र त्यांना आणखी पाव शतक थांबावे लागले. १९७६ मध्ये संमत होऊन १९७८ पासून अमलात आलेल्या कायद्याने, एका तिमाहीत घरकामासाठी १,००० डॉलर किंवा अधिक रोख वेतन देणाऱ्या कुटुंबांना या विम्याच्या कक्षेत आणले.

१९९३ मध्ये ॲटर्नी जनरलपदासाठी नाव सुचविल्या गेलेल्या झोई बेर्ड यांना अशाच न भरलेल्या करांवरून व बेकायदा वास्तव्य असलेल्या नोकरांवरून माघार घ्यावी लागली, आणि हा विषय घरोघरी पोहोचला. पुढील वर्षीच्या कायद्याने संघीय कर वार्षिक आयकरपत्रकासोबत भरण्याची सोय झाली. पण याच सोयीतून एक नवा घोटाळा संभवतो. वर्षाअखेरीस संघीय पत्रक भरले की सारे झाले, असे कुटुंबाला वाटते. घटकराज्याचे खाते मात्र निराळे असते. तेथे स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि बहुधा दर तिमाहीस पत्रक पाठवावे लागते. टेक्सास किंवा फ्लॉरिडा येथे वेतनावर राज्याचा आयकर नाही. म्हणून तेथे राज्याला काहीच देणे लागत नाही, असा तर्क केला जातो. तो चुकीचा आहे, कारण बेकारी विम्याचा कर तेथेही आहेच.

मर्यादाही सर्वत्र सारखी नाही. न्यूयॉर्कमध्ये तिमाहीत ५०० डॉलर वेतन दिले की दायित्व सुरू होते. कॅलिफोर्नियात ७५० डॉलरवर आजारपण-विम्याची वर्गणी आयेच्या वेतनातून कापावी लागते, आणि १,००० डॉलरवर बेकारी विमा व प्रशिक्षण कर मालकाने स्वतःच्या खिशातून भरावयाचे असतात. नव्या मालकासाठी त्यांचे दर अनुक्रमे ३.४ व ०.१ टक्के असून ते वर्षातील पहिल्या ७,००० डॉलर वेतनावर आकारले जातात. आठवड्यास ६०० डॉलर मिळविणारी आया ही मर्यादा बाराव्या आठवड्यातच ओलांडते. वर्षभराचा हिशेब २३८ अधिक ७, म्हणजे २४५ डॉलर. ज्या घराला आया परवडते, त्याला ही रक्कम जड जाऊ नये.

ती न भरल्याचे कुटुंबाला सहसा काही जाणवत नाही; जाणवते ते आयेला. मूल शाळेत जाऊ लागते, नोकरी संपते, आणि ती बेकारी भत्त्यासाठी अर्ज करते. कार्यालयाच्या दप्तरात तिच्या नावावर वेतनाची नोंदच नसते. मग बँकेच्या पावत्या, धनादेश, जुनी पत्रे गोळा करून आपण काम केले होते हे तिलाच दाखवावे लागते. घरभाडे मात्र थांबत नाही. तिच्या अर्जावरूनच चौकशी सुरू होते आणि कुटुंबावर थकलेला कर, दंड व व्याज यांची आकारणी होऊ शकते.

वर्षाचे एकूण वेतन २०,००० डॉलरपर्यंत असेल, तर कॅलिफोर्नियात कर वर्षातून एकदाच भरण्याचा पर्याय मालकाला निवडता येतो. वेतनाचा तपशील मात्र तेव्हाही दर तिमाहीस पाठवावा लागतो, कारण आयेचा भत्ता त्याच नोंदींवरून ठरतो.