‘ॲस्ट्रोफिजिक्स’च्या पाटीपायी जमीन विकू नका

बारावीचा निकाल लागला की येवला, अंदरसूल, नगरसूल, पाटोद्याकडून तेच प्रश्न येऊ लागतात. “पोराला आकाशाचं वेड आहे, कुठला कोर्स घ्यावा?” आणि त्याच दमात, “नोकरी कधी लागेल?” अलीकडे तिसरा प्रश्न वाढला आहे. कुठल्याशा खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक पुढे ठेवतात, त्यावर ‘ॲस्ट्रोफिजिक्स’ किंवा ‘स्पेस सायन्स’ अशी पदवी, फी वर्षाला काही लाख. “जमिनीचा तुकडा विकून भरू का?”

नका भरू. पदवीच्या नावात ‘ॲस्ट्रो’ आहे म्हणून कोणी खगोलशास्त्रज्ञ होत नाही. पीएच.डी.ची दारं उघडणाऱ्या जेस्ट, गेट, नेट या परीक्षांत राशी-नक्षत्रं विचारत नाहीत. तिथे यामिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम, सांख्यिकीय भौतिकी आणि भरपूर गणित असतं. हे सगळं साध्या बी.एस्सी. फिजिक्सला शिकवतात. नाशिकच्या के.टी.एच.एम. किंवा आर.वाय.के.सारख्या महाविद्यालयात शिकवतात आणि त्याची फी त्या माहितीपत्रकाच्या तुलनेत किरकोळ असते. ही महाविद्यालयं ज्या पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याच्याच आवारात जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभारायला घेतलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे आणि रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र एनसीआरएही आहे. आपल्या मुलांना हा रस्ता कोणी दाखवतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तीन वर्षं फिजिक्स आणि गणित मन लावून करा, सोबत पायथन ही संगणकभाषा शिका, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या संशोधन प्रकल्पांना अर्ज करा आणि मग चांगल्या ठिकाणी एम.एस्सी. पायथन हवंच, कारण आजचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही. त्याचा बहुतेक वेळ संगणकावर, आलेली निरीक्षणं तपासण्यात जातो.

बाकीचे रस्ते थोडक्यात. आयसर या विज्ञानसंस्थेचा पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. उत्तम, पुण्यातच आहे. पण त्याच्या ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये जीवशास्त्रालाही भौतिकशास्त्राइतकेच गुण असतात, हे बायोलॉजी सोडलेल्या मुलांना ऐनवेळी कळतं. नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या विज्ञानसंस्थांसाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ संस्थेला जेईई ॲडव्हान्स्ड. नासाचं म्हणाल, तर तिथल्या सरकारी नोकरीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. तो विषय आज बाजूला ठेवा.

ज्याचे हात यंत्रात रमतात त्याने इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग खुशाल करावं. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांचे रिसीव्हर, मोटारी, सॉफ्टवेअर इंजिनिअरच सांभाळतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे, तिला केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी मंजूर केले. तिथे लेझर, निर्वात नळ्या, कंट्रोल सिस्टिम जाणणारी माणसं लागणार आहेत.

आता पालकांशी स्पष्ट बोलतो. हा मार्ग लांब आहे. बी.एस्सी., एम.एस्सी., पाच-सहा वर्षं पीएच.डी., मग बहुधा परदेशात एक-दोन पोस्ट-डॉक. कायमची जागा मिळेपर्यंत पस्तिशी येते आणि जागा थोड्या आहेत. पण पीएच.डी.ला मुलगा घरून पैसे मागत नाही; २०२३ पासून ज्युनिअर फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये आहे. मध्येच वाट बदलावीशी वाटली तर हेच गणित आणि प्रोग्रॅमिंग डेटा सायन्सला चालतं, अध्यापनालाही चालतं. एकेका पैठणीसाठी महिनोन्‌महिने मागावर बसणाऱ्या येवल्याने मुलाच्या शिक्षणाचा हिशेब मात्र चौथ्या वर्षी मागावा, हे मला पटत नाही. आणि ज्याला मनापासून फिजिक्स हवं आहे त्याला दोन वर्षं कोट्याच्या कोचिंग क्लासात कोंडून, रँक आली नाही म्हणून चारचौघांत बोलून दाखवू नका. अशी मुलं पुढे फिजिक्सचं पुस्तक उघडत नाहीत.

मुलींच्या घरून हमखास येणारा प्रश्न वेगळाच असतो, “रात्री-अपरात्री दुर्बिणीवर एकटी कशी जाईल?” रेडिओ दुर्बीण दिवसाही चालते आणि निरीक्षण कंट्रोल रूममध्ये बसून होतं. या एका गैरसमजापायी मुलीचा अर्ज अडवू नका.

प्रवेशाची घाई असली तरी पुढच्या फेब्रुवारीत एक दिवस काढा. २८ तारखेच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला विज्ञान मेळा भरतो आणि अँटेना जवळून पाहता येतात. कोपरगाव, संगमनेरवरून नारायणगाव गाठता येतं. मुलाला एकट्याला पाठवू नका, तुम्हीही जा. तिथले संशोधक आणि इंजिनिअर समोर उभे राहून समजावतात. नोकरीचा जो प्रश्न मला विचारता, तो त्यांनाच विचारा.