आगीपासून बचाव : शाळेत द्यावयाचा एक पाठ

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले कोल्हापूरचे नाट्यगृह, आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. सुदैवाने जीवितहानी टळली. घरास रात्री आग लागल्यास मात्र मुले झोपेत असतात आणि भयाने खाटेखाली लपतात. तेथे ती शोधणाऱ्यास दिसत नाहीत.

यास्तव शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्या घराचा नकाशा काढावयास सांगावा. त्यात प्रत्येक खोलीतून बाहेर पडण्याच्या शक्यतो दोन वाटा व सर्वांनी जमावयाची जागा, उदाहरणार्थ समोरचा पार, दाखवावी. दुसरी वाट नसल्यास ती उणीव पालकांच्या नजरेस आणावी.

धूर वर चढतो. म्हणून जमिनीलगत रांगत जावे. दार गरम लागल्यास उघडू नये. कपडे पेटल्यास धावू नये. तोंड झाकून जमिनीवर लोळावे. बाहेर आल्यावर १०१ क्रमांकास कळवावे. दप्तरासाठी वा वासरासाठीही मुलांनी परत आत जाऊ नये.

१४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटाच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात ग्रामपंचायतींनी घरोघरी ही रंगीत तालीम घडवून आणावी. वाट अंधारातही सापडेल, इतका सराव मुलांना हवा.